आरसी (रिमोटवर चालणारी) कार किटमधून स्वतः जोडताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं किट जोडायला घेतलं की सगळ्यांना साधारण तेच प्रश्न पडतात, आणि ते नेमके रात्री अकरा वाजता पडतात जेव्हा अर्धी गाडी टेबलावर सांडलेली असते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. डोळ्यासमोर १/१० स्केलच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाच्या) इलेक्ट्रिक गाड्या ठेवून लिहिलंय, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पेट्रोल किंवा नायट्रोवाल्या गाड्या हा वेगळाच विषय आहे, तो इथे नाही.

तयार गाडी मिळत असताना किट कशाला घ्यायचं?

तयार गाडी, म्हणजे ज्याला आरटीआर म्हणतात ती, डब्यातून काढा, बॅटरी लावा आणि पळवा. त्यात वाईट काही नाही. पण ती गाडी एक ना एक दिवस आपटणार आहे आणि काहीतरी तुटणार आहे, आणि तेव्हा ती आतून कशी आहे हे तुम्हाला माहीतच नसतं. किट जोडलेला माणूस आवाज ऐकून सांगतो की मागच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, त्याबद्दल पुढे आहे) गडबड आहे, कारण तो डिफ त्याने स्वतःच्या हाताने भरलेला असतो. माझ्या मते किट घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. दुसरं म्हणजे जोडण्याची मजा, आणि ती चालवण्यापेक्षा कमी नाही. कित्येक लोक गाडी जोडून कपाटात ठेवतात आणि लगेच पुढचं किट शोधायला लागतात.

पहिलं किट कुठलं घेऊ?

आधी हे बघा की गाडी चालवणार कुठे. गुळगुळीत डांबर किंवा सिमेंटची मोकळी जागा असेल तर टूरिंग कार. माती, गवत, खडी असेल तर बग्गी किंवा ट्रक. दगडांवरून हळूहळू चढवायची आवड असेल तर क्रॉलर. टूरिंग कार गवतावर चालतच नाही, पोट टेकतं तिचं, आणि ही चूक खूप जण करतात कारण डब्यावरचं गाडीचं चित्र भारी दिसतं.

नवीन माणसाला मी नेहमी साधं चासीस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सांगतो. टामियाचं टीटी-०२ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं, टबसारखं प्लास्टिकचं चासीस, मधून शाफ्ट जातो आणि चारही चाकं फिरतात, पार्ट कमी आणि मॅन्युअल स्पष्ट. बग्गी हवी असेल तर ग्रासहॉपर आहे, १९८४ सालचं डिझाइन, पुन्हा काढलेलं, मागची दोनच चाकं ओढतात आणि जोडायला एकदम सोपी. जपानच्या शिझुओकामधल्या टामियाने पहिली आरसी गाडी १९७६ साली काढली, १/१२ स्केलची पोर्शे ९३४, त्यामुळे मॅन्युअल कसं काढायचं हे त्यांच्या हातात बसलेलं आहे. क्योशो, असोसिएटेड यांचीही किट उत्तम असतात, पण त्यांची रेसिंगवाली किट पहिल्याच फटक्यात घेऊ नका, त्यात ॲडजस्टमेंट इतक्या असतात की डोकं गरगरतं.

आणि एक गोष्ट आधी तपासा, त्या गाडीचे सुटे पार्ट मिळतात का. पुढचा सस्पेन्शन आर्म (चाकाला धरणारा हात) आणि स्टीअरिंग नकल (चाक ज्यावर बसून वळतं तो तुकडा) हे दोन सगळ्यात आधी तुटतात. ते मिळत नसतील तर गाडी कितीही सुंदर असो, सोडून द्या.

डब्यात सगळं येतं का?

नाही! यावरून खूप जणांचा हिरमोड होतो. साधारणपणे ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि रिसीव्हर (गाडीतला सिग्नल घेणारा डबा), स्टीअरिंगचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग हे वेगळं घ्यावं लागतं. ईएससी, म्हणजे मोटरचा स्पीड कंट्रोल करणारा डबा, काही किटमध्ये येतो काहीत नाही. साध्या किटमध्ये ५४० साइजची ब्रश मोटर बहुतेक वेळा मिळते, तीच ती चंदेरी डब्याची, सिल्व्हर कॅन म्हणतात ती. रेसिंग किटमध्ये मात्र मोटर, टायर, बॉडी यातलं काहीच नसणं नॉर्मल आहे. डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

हत्यारं कुठली लागतात?

किटबरोबर एक छोटा पाना आणि एखादी ॲलन की येते, तेवढ्यावर गाडी जोडता येते पण हात दुखतो. खरं महत्त्वाचं हत्यार म्हणजे स्क्रूड्रायव्हर. जपानी किटमधले स्क्रू दिसायला साध्या प्लस खाचेचे असतात पण त्यांची खाच जेआयएस मापाची असते, घरातला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर लावला की वर निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. दोन-तीनदा असं झालं की तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. एक चांगला जेआयएस दोन नंबरचा ड्रायव्हर घ्या, एकदाच घ्यायचाय. इतर कंपन्यांच्या किटमध्ये हेक्स स्क्रू असतात, त्यांना १.५, २ आणि २.५ मिमीचे हेक्स ड्रायव्हर लागतात.

बाकी साइड कटर, निमुळती पक्कड, धारदार कटर, बॉडी कापायला वाकड्या पात्याची कात्री आणि भोकं पाडायला बॉडी रीमर. रीमर नसेल तर ड्रिलने भोक पाडायच्या मागे लागू नका, पॉलिकार्बोनेट तडकू शकतं.

किती वेळ लागतो?

पहिल्यांदा साधं किट असेल तर आठ-दहा तास धरून चाला, बॉडीचा रंग सोडून. दोन-तीन बैठकांत करा. थकलेल्या डोळ्यांनी जोडलेला भाग दुसऱ्या दिवशी उघडावा लागतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता रात्री जांभई आली की मी ड्रायव्हर खाली ठेवतो.

डबा उघडला, आता सुरुवात कुठून?

आधी मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसतं वाचा, काही जोडू नका. पिशव्यांवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की कुठल्या पायरीला कुठली पिशवी उघडायची. सगळ्या पिशव्या एकदम फोडल्या की संपलं, मग ३ बाय ८ आणि ३ बाय १० मिमीच्या स्क्रूंचा ढीग निवडत बसावं लागतं. एका वेळी एक पिशवी, आणि ती खोलगट ताटलीत किंवा डब्याच्या झाकणात ओता.

स्क्रूची चित्रं बऱ्याच मॅन्युअलमध्ये खऱ्या मापाची छापलेली असतात, स्क्रू थेट चित्रावर ठेवून बघायचा, जुळला की तोच. एवढं करूनही एक गोष्ट चुकते ती म्हणजे टॅपिंग स्क्रू आणि मशीन स्क्रू. टॅपिंगचे आटे रुंद रुंद असतात, तो प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातो. मशीन स्क्रूचे आटे बारीक आणि जवळजवळ, तो धातूत किंवा नटमध्ये जातो. लांबी सारखी असली तरी ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

प्लास्टिकचे पार्ट फ्रेमला चिकटून येतात. सगळे एकदम तोडून ठेवू नका, कारण नंबर त्या फ्रेमवरच असतात. लागेल तसा कटरने कापा, थोडा देठ ठेवून कापा आणि मग तो देठ पात्याने साफ करा. आर्मच्या टोकाला असा देठ राहिला तर सस्पेन्शन अडकतं, आणि मग माणूस स्प्रिंग बदलत बसतो.

स्क्रू किती घट्ट करायचा?

डोकं प्लास्टिकला टेकलं की अगदी किंचित, एक अष्टमांश वेढा म्हणा, आणि थांबा. नवीन भोकात टॅपिंग स्क्रू जड जातो म्हणून लोक जोर लावतात आणि तो जोर शेवटीसुद्धा तसाच राहतो, तिथे आटे जातात. सोपा उपाय, स्क्रू आधी साबणाच्या वडीवर किंवा मेणबत्तीवर घासून घ्या, लोण्यासारखा जातो. आणि एकदा काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो टक् करून खाली बसतो, ते बोटांना जाणवतं, मग सरळ फिरवा. असं नाही केलं तर प्रत्येक वेळी नवीन आटे पडतात आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोक रिकामं.

आटे गेलेच तर थोडा लांब स्क्रू लावून बघा, जागा असेल तर खाली ताजं प्लास्टिक मिळतं.

थ्रेडलॉकबद्दल (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) पण इथेच सांगतो: फक्त धातूच्या स्क्रूवर जो धातूतच जातो, उदाहरणार्थ मोटर माउंटचे स्क्रू किंवा पिनियनचा (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू), आणि तो पण निळा. प्लास्टिकला थ्रेडलॉक लागला की काही प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

कॉपर बुश काढून बेअरिंग टाकू का?

हो. पहिला आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच, आणि तो गाडी जोडतानाच करायचा म्हणजे परत उघडावी लागत नाही. साध्या किटमध्ये प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) येतात, त्यात घर्षण जास्त, धूळ गेली की झिजतात आणि चाक डुगडुगायला लागतं. बॉल बेअरिंगचा पूर्ण सेट मिळतो. ११५० असं लिहिलेलं असेल तर बाहेरून ११ मिमी, आतून ५ मिमी.

ग्रीस कुठे आणि किती?

मॅन्युअलमध्ये ट्यूबची छोटी खूण असते तिथेच. गिअरच्या दात्यांना पातळ थर पुरे. उघड्या भागांना, म्हणजे सस्पेन्शनच्या पिनांना, ग्रीस लावू नका, धूळ चिकटून सॅंडपेपर तयार होतो.

डिफरन्शियल नेमकं काय करतं, आणि मी ते उलटं बसवलंय हे कसं कळणार?

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट असती तर एक चाक घसरत राहिलं असतं. डिफमधले तिरके गिअर हा फरक सांभाळतात. साध्या डिफमध्ये ग्रीस भरतात, सीलबंद डिफमध्ये सिलिकॉन तेल. तेल जितकं घट्ट तितकी दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी वागतात. पहिल्या गाडीत मॅन्युअल सांगतं तेच भरा.

आता उलटं बसवण्याबद्दल. शाफ्टच्या फोरव्हील गाडीत पुढे एक डिफ आणि मागे एक डिफ असतो आणि त्यांचा मोठा गिअर कुठल्या बाजूला येतो हे ठरलेलं असतं. एक जरी उलटा बसला तर पुढची चाकं पुढे आणि मागची मागे फिरतात. माझ्या पहिल्या फोरव्हील किटमध्ये मी नेमकं हेच केलं, पूर्ण गाडी जोडली, वायर लावल्या, टेबलावर ठेवून ट्रिगर दाबला आणि गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. मला वाटलं मोटर खराब आली. दीड दिवस मी मोटर आणि ईएससीच तपासत होतो, आणि शेवटी गाडी उचलून हाताने पुढचं चाक फिरवल्यावर मागचं उलट्या दिशेला फिरताना दिसलं. मागचा गिअरबॉक्स पूर्ण उघडून डिफ फिरवून बसवावा लागला, अकरा स्क्रू होते, अजून लक्षात आहे.

म्हणून गिअरबॉक्स बंद करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवा आणि चारही चाकांचे ॲक्सल एकाच दिशेने जातायत का बघा. अर्धं मिनिट लागतं.

गिअरमध्ये फट किती ठेवायची?

काही चासीसमध्ये मोटरची भोकं ठरलेली असतात, पिनियनच्या दात्यांप्रमाणे भोक निवडायचं, तिथे प्रश्नच नाही. जिथे मोटर सरकवता येते तिथे वहीच्या कागदाची पातळ पट्टी पिनियन आणि स्परच्या (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून कागद बाहेर काढा. कागद चुण्या पडून निघाला पाहिजे, फाटून नाही. मग स्पर गिअर बोटाने हलवा, अगदी हलकीशी टिकटिक जाणवली पाहिजे. जास्त घट्ट असेल तर गाडी किंचाळते आणि मोटर तापते, ढिलं असेल तर दाते खाल्ले जातात. स्पर थोडा वाकडा असतो बऱ्याचदा, म्हणून चार-पाच ठिकाणी तपासा.

दात्यांचं माप पण जुळलं पाहिजे. टामियाच्या बहुतेक गाड्यांत ०.६ मॉड्यूल असतं, ४८ पिच दिसायला तसंच दिसतं पण ते वेगळं आहे, दोन्ही मिसळू नका.

शॉकमध्ये तेल भरताना बुडबुडे जातच नाहीत, काय करू?

घाई करताय, बाकी काही नाही. शॉक उभा धरा, दांडा पूर्ण खाली ओढलेला, तेल जवळजवळ काठापर्यंत भरा. मग दांडा हळूहळू वर-खाली करा, हळूहळू म्हणजे खरंच हळू, पिस्टन तेलाच्या वर येऊ द्यायचा नाही. बुडबुडे वर यायला लागतात. आता तो शॉक तसाच उभा करून दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, तेवढ्यात दुसरा भरा. बुडबुडे गेले की वरचा रबरी पडदा तिरका टेकवत बसवा म्हणजे जास्तीचं तेल बाजूने निघून जाईल, आणि झाकण लावा. खाली कापड ठेवा, तेल सांडणारच.

मग जोडी तपासायची. पुढचे दोन्ही शॉक, स्प्रिंग न लावता, दोन हातांत धरून एकदम दाबा. दोन्हीचा जोर सारखा वाटला पाहिजे आणि सोडल्यावर दोन्ही सारखेच परत आले पाहिजेत. एक लवकर बाहेर येत असेल तर त्यात तेल जास्त झालंय. आत पचपच आवाज येत असेल तर हवा राहिलीय, परत उघडा. हे कंटाळवाणं वाटतं पण गाडी खड्ड्यावरून जाऊन सरळ राहते की उडी मारून उलटते ते यावर बरंच अवलंबून असतं.

खालचं टोक दांड्यावर बसवताना दांडा नुसत्या पकडीत धरू नका. त्यावर ओरखडा पडला की तो ओरखडा ओ-रिंग (आतली रबरी कडी) कापत राहतो आणि तेल गळत राहतं. रबराचा तुकडा किंवा जाड कापड मध्ये घ्या.

सर्वो बसवला पण चाकं सरळ होत नाहीत आणि सर्वोचा घूं घूं आवाज येतो.

हे ज्यांनी पॉवर न देता हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारा छोटा हात) बसवला त्यांचं होतं. सर्वोचा दांडा डब्यातून निघतो तेव्हा तो मध्यभागीच असेल असं नाही. तुम्ही हॉर्न सरळ लावला, मग गाडी चालू केली, सर्वो आपल्या खऱ्या मध्यावर गेला आणि हॉर्न वाकडा झाला. आता स्टीअरिंग एका बाजूला आधीच टेकलंय आणि सर्वो तरीही ढकलतोय, तोच तो आवाज. असंच राहिलं तर सर्वो जळतो.

क्रम असा ठेवा. रिसीव्हर, ईएससी, सर्वो टेबलावरच जोडा, गाडीत न बसवता. ट्रान्समीटरचे ट्रिम (मध्य थोडा इकडे-तिकडे सरकवायची बटणं) शून्यावर आणा. सगळं चालू करा, सर्वो आपोआप मध्यावर जाईल. पॉवर तशीच चालू ठेवून सर्वो सेव्हर (धक्का खाणारा स्प्रिंगवाला हॉर्न) लावा, जितका सरळ बसेल तितका, आणि स्क्रू आवळा. मग बंद करून गाडीत बसवा. दात्यांमुळे अगदी शंभर टक्के सरळ बसत नाही, राहिलेला फरक नंतर ट्रिमने किंवा रॉडची लांबी बदलून काढायचा.

सर्वोच्या दांड्याचे दाते कंपनीप्रमाणे बदलतात, फुताबा २५, हायटेक २४, सान्वा आणि केओ २३. चुकीचा हॉर्न दाबून बसवला तर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या धक्क्याला घसरतो. आणि सर्वो सेव्हर काढून सरळ हॉर्न लावायचा मोह पहिल्या गाडीत टाळा, चाक आपटल्यावर तो धक्का सेव्हर खातो, नाहीतर सर्वोचे गिअर खातात.

शेवटी ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (सर्वो किती दूर फिरेल याची मर्यादा) सेट करा, पूर्ण वळवल्यावर चाक अडकण्याच्या जरा आधी सर्वो थांबला पाहिजे.

आधी रिमोट चालू करायचा की गाडी?

आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हल्लीचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट बाइंड केलेले (रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी जोडलेले) असतात, जुन्या २७ मेगाहर्ट्झसारखे क्रिस्टल बदलायची भानगड नाही, पण हा क्रम तरी पाळाच. फेलसेफ पण सेट करा म्हणजे सिग्नल तुटला तर गाडी ब्रेक मारेल. रिसीव्हरची अँटेनाची वायर लांब वाटली तरी कापायची नाही.

पुढे ढकललं की गाडी मागे जाते!

ब्रश मोटर असेल तर मोटरच्या दोन वायर अदलाबदल करा. सेन्सर नसलेली ब्रशलेस (आत ब्रश नसलेली, तीन वायरची मोटर) असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन. सेन्सरवाली ब्रशलेस असेल तर वायर अजिबात बदलू नका, ए, बी, सी तशाच ठेवून ईएससीच्या सेटिंगमधून दिशा बदला. रिमोटवरचं थ्रॉटल रिव्हर्स बटण वेगळं काम करतं, ते बदललं तर ईएससी परत कॅलिब्रेट करावा लागतो.

बॅटरी कुठली, निकेलवाली की लायपो?

पहिल्या गाडीला निकेल मेटल हायड्राइड पुरते. ७.२ व्होल्ट, आत १.२ व्होल्टचे सहा सेल, थोडी दांडगाई सहन करते. लायपोत, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीत, दोन सेलवाली ७.४ व्होल्टची, पूर्ण चार्ज झाली की ८.४. हलकी असते आणि शेवटपर्यंत जोर टिकतो, पण तिचे नियम आहेत आणि ते मी अगदी कळकळीने सांगतो, कारण चुकलेली लायपो पेट घेते.

चार्जर लायपोचाच हवा, बॅलन्सची छोटी वायर लावून चार्ज करायची. निकेलच्या चार्जरवर लायपो लावायची नाही, एकदासुद्धा नाही. चार्जिंगचा करंट १सी, म्हणजे ३००० एमएएचची बॅटरी असेल तर ३ अँपिअर. चार्ज होत असताना घर सोडून जायचं नाही, झोपायचं नाही, आणि खाली लाकडी टेबल किंवा गादी नको. चालवताना एका सेलचा व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणून ईएससीमध्ये लायपो मोड चालू आहे का ते बघा. काही साध्या ईएससींवर, जसं हॉबीविंगच्या १०६० वर, हे छोट्या जंपरने बदलतं, आणि तो जंपर निकेलच्या बाजूला राहिला तर लायपो वेळेत कट होत नाही आणि गाडी हळू होईपर्यंत बॅटरी मेलेली असते. आठवडाभर वापरणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी परत कधीच लावू नका, "थोडीशीच फुगलीय" असं काही नसतं.

बॉडीला रंग आतून का मारतात?

कारण ती पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. रंग आत असला की बाहेरून प्लास्टिकच चकाकतं आणि गाडी घासली तरी रंगाला ओरखडा जात नाही. त्यामुळे सगळा विचार उलटा करावा लागतो, जो रंग तुम्ही आधी मारता तोच बाहेरून दिसतो. गडद आधी, फिका नंतर. फिका आधी मारला आणि त्याच्या मागे टेपखालून काळा झिरपला तर डाग दिसतो. आणि लाल, पिवळा, फ्लुरोसंट असे रंग एकटे पुरत नाहीत, मागून पांढऱ्याचा थर दिला की उठून दिसतात.

रंग पॉलिकार्बोनेटचाच पाहिजे, टामियाच्या रंगांत तो पीएस म्हणून असतो. टीएसचे डबे नेहमीच्या कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी असतात, ते यावर मारले की बॉडी वाकल्यावर पापुद्रे निघतात.

माझा क्रम असा. आधी कापून घ्यायचं आणि भोकं पाडायची, रंगाच्या आधी, कारण अजून बॉडी पारदर्शक आहे आणि चासीसवर ठेवली की खांब आरपार दिसतात, मार्करने खूण केली की झालं. रंग मारल्यावर अंदाजाने भोक पाडलं की हमखास चुकतं. मग आतून भांड्याच्या साबणाने धुवायची, वाळवायची, आणि परत आत बोट लावायचं नाही. खिडक्यांचे स्टिकर आतून लावायचे, कडा नखाने दाबायच्या. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, गरम पाण्यात नाही. वीस-तीस सेंटीमीटरवरून पातळ थर, पहिला थर तर इतका पातळ की नुसते ठिपके दिसावेत, वाळू द्यायचा, मग दुसरा. एकदम जाड मारला की ओघळतो आणि टेपखाली शिरतो. सगळ्यात शेवटी बाहेरची संरक्षक फिल्म काढायची. तो क्षण फार सुंदर असतो, धुळकट दिसणारी बॉडी एकदम आरशासारखी होते. स्टिकर त्यानंतर बाहेरून.

टायर चिकटवायलाच पाहिजेत का?

जोराच्या मोटरवर हो, नाहीतर टायर रिमवर गरगर फिरतो किंवा निघून येतो. टायर खाचेत नीट बसवा, कड जरा मागे ओढून पातळ सुपरग्लूचे थेंब सोडा, एकेक बाजू. डोळ्यांना चष्मा लावा.

पहिल्यांदा चालवण्याआधी काय तपासू?

गाडी डब्यावर ठेवून चाकं हवेत असताना थोडा थ्रॉटल (वेगाचा ट्रिगर) द्या, डावीकडे-उजवीकडे वळवा. चाकांचे नट बघा, पूर्ण आवळून मग अगदी किंचित सैल, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डुगडुगायला नको. कुठलीही वायर शाफ्टला किंवा गिअरला लागत नाहीये ना. मग मोकळ्या जागेत अर्ध्या थ्रॉटलवर पाच मिनिटं, थांबा, मोटरला हात लावा. बोट तीन-चार सेकंदही ठेववत नसेल तर काहीतरी बरोबर नाही, गिअर घट्ट आहेत किंवा पिनियन मोठा आहे.

जास्त स्पीडसाठी मोठा पिनियन लावला, मोटर जाम तापते.

तापणारच. टीटी-०२ चं उदाहरण घ्या, स्पर ७०, पिनियन २२, आतला रेशो २.६, म्हणजे एकूण ८.२७, मोटर ८.२७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. पिनियन मोठा केला की हा आकडा कमी होतो, टॉप स्पीड वाढतो आणि मोटरवर ओझं वाढतं. एकेक-दोन दाते वाढवा आणि प्रत्येक वेळी मोटरला हात लावून बघा. छोट्या जागेत चालवत असाल तर टॉप स्पीडपर्यंत गाडी पोचतच नाही, तिथे उलट छोटा पिनियन जास्त मजा देतो.

गाडी सरळ जात नाही, एका बाजूला ओढते.

आधी ट्रिम. मग दोन्ही बाजूंचे स्टीअरिंग रॉड सारख्या लांबीचे आहेत का, मॅन्युअलमध्ये मिमीत दिलेलं असतं, मोजा. मग एखादं चाक अडकतंय का. फक्त वेग घेतानाच ओढत असेल तर शॉक किंवा डिफकडे बघा.

दहा वर्षांच्या मुलाबरोबर जोडता येईल का?

नक्की. कटर, रंग, सुपरग्लू आणि बॅटरी चार्जिंग मोठ्यांनी करायचं, बाकी त्याला करू द्या. स्क्रू शोधून चित्रावर ठेवायचं काम मुलं आपल्यापेक्षा चांगलं करतात. फक्त तुम्ही त्याच्या हातातून ड्रायव्हर काढून घेऊ नका, वाकडं बसलं तर परत उघडू.

पार्ट उरलेत, काही चुकलं का?

प्लास्टिकचे पार्ट उरले तर बहुतेक काही चुकलेलं नाही, एकच फ्रेम दोन-तीन मॉडेलला वापरतात, मॅन्युअलमध्ये न लागणारे पार्ट दाखवलेले असतात. स्क्रू एखाद-दुसरा जास्तीचा येतो. बेअरिंग किंवा गिअर उरला असेल तर मात्र गाडी उघडा.

पहिल्याच दिवशी आपटली आणि पुढचा आर्म तुटला. आता?

मॅन्युअल काढा, तो आर्म कुठल्या पायरीला बसवला होता ते पान उघडा, आणि फक्त तिथपर्यंत उलटं जात खोला. बहुतेक गाड्यांत एक पिन, शॉकचा एक स्क्रू आणि वरचा एखादा रॉड, एवढंच निघतं, पंधरा मिनिटांचं काम. पार्ट मागवताना फ्रेमचं अक्षर आणि नंबर दोन्ही बघा, एकटा आर्म सहसा मिळत नाही, पूर्ण फ्रेमच येते, त्यात डावा-उजवा दोन्ही असतात, राहिलेला जपून ठेवा. तुटलेला तुकडा लगेच फेकू नका, नवीन आल्यावर शेजारी ठेवून बघा भोकं त्याच जागी आहेत का. आणि पिन परत घालण्याआधी ती टेबलावर लोळवून बघा, आर्म तुटण्याइतका फटका बसला असेल तर पिन पण वाकलेली असू शकते, आणि वाकडी पिन घातली तर नवीन आर्म पहिल्याच दिवशी अडकायला लागतो.